‘हिस्टरी बॉइज’च्या मागची परीक्षा

ॲलन बेनेट यांचे ‘द हिस्टरी बॉइज’ हे नाटक मे २००४ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये निकोलस हाइटनर यांच्या दिग्दर्शनाखाली प्रथम सादर झाले. १९८०च्या दशकातील शेफील्ड, तिथले एक काल्पनिक ग्रामर स्कूल (परीक्षेतून निवडलेल्या मुलांची सरकारी शाळा) आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या प्रवेशपरीक्षेला बसणारी आठ मुले, असा त्याचा पट आहे. काळ ऐंशीच्या दशकाचा असला, तरी नाटकाला इंधन पुरवले ते त्याच्या तीस वर्षे आधी लेखकाने स्वतः दिलेल्या परीक्षांनी.

बेनेट यांचा जन्म १९३४ मध्ये लीड्समधील एका खाटकाच्या घरी झाला. १९४४च्या शिक्षण कायद्याने सरकारी माध्यमिक शाळांतील शुल्क रद्द केल्यानंतरच्या पिढीतले ते विद्यार्थी. केंब्रिजला जागा मिळवल्यावर सक्तीच्या लष्करी सेवेत ते रशियन शिकले आणि पुढे ऑक्सफर्डच्या एक्झिटर कॉलेजची शिष्यवृत्ती मिळवून तिकडे वळले. १९५७ मध्ये इतिहासात त्यांना पहिला वर्ग मिळाला, परंतु त्या यशाबद्दल त्यांच्या मनात कायम थोडी अपराधी भावना राहिली. शक्य त्या प्रश्नांची उत्तरे आणि चटकदार अवतरणे त्यांनी काही डझन कार्डांवर उतरवून पाठ केली होती. शिवाय प्रश्नाचे भलतेच टोक पकडले की परीक्षक खूश होतो, हे त्यांनी हेरले होते. नाटकातला तरुण शिक्षक अर्विन मुलांना हीच क्लृप्ती शिकवतो.

त्याच्या समोर उभा असलेला, परीक्षेपेक्षा कवितेवर आणि ज्ञानावर प्रेम करणारा वयस्क शिक्षक हेक्टर मात्र लेखकाच्या अनुभवातला नाही. तसा शिक्षक त्यांना कधी लाभलाच नव्हता. श्रूझबरी शाळेत मुलांना खुर्चीवर चढवून कविता म्हणायला लावणारे फ्रँक मॅकएक्रन यांची छाया हेक्टरवर आहे, असे मानले जाते. हेच मॅकएक्रन पूर्वी दुसऱ्या शाळेत कवी ऑडन यांचे शिक्षक होते. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात परक्या मातीत पुरलेल्या ढोलकऱ्या पोरावरची टॉमस हार्डी यांची कविता हेक्टर एका एकाकी मुलाला उलगडून दाखवतो, तो प्रवेश मला नाटकातला सर्वांत सरस वाटतो.

शाळा हा विषय बेनेट यांनी पूर्वीही हाताळला होता. १९६८ च्या ‘फॉर्टी इयर्स ऑन’मध्ये अभिनेते जॉन गिलगुड मुख्याध्यापक झाले होते आणि शीर्षक हॅरो शाळेच्या १८७२ मधील गीतातून घेतले होते. पण ती शाळा ‘पब्लिक स्कूल’, म्हणजे इंग्लंडच्या उफराट्या परिभाषेत श्रीमंतांची खासगी शाळा. तिथे बेनेट कधी शिकले नव्हते, त्यामुळे त्या नाटकातली थट्टा बाहेरून पाहणाऱ्याची आहे.

दूरचित्रवाणीवर गाजलेल्या, रूढ मत उलटे करून मांडणाऱ्या इतिहासकारांचा प्रभावही अर्विनवर आहे. म्हणूनच पहिल्याच प्रवेशात तो पुढच्या आयुष्यातला, व्हीलचेअरवर बसलेला सरकारी सल्लागार म्हणून दिसतो आणि ज्यूरीपुढील खटल्यांवर मर्यादा आणणारे विधेयक लोकांच्या गळी कसे उतरवावे, याचे धडे खासदारांना देत असतो.