खोलीतला बोरघाट

मॉडेल रेल्वेचा, म्हणजे खेळण्यातल्या छोट्या गाड्यांचा, दोन मजली लेआउट करायचा म्हटलं की पहिला प्रश्न हाच, गाडी खालच्या टेबलावरून वरच्या टेबलावर न्यायची कशी? ४० सेंटिमीटर चढायला मला १५ मीटर रूळ लागतो आणि पुण्यातल्या फ्लॅटमध्ये १५ मीटरची भिंत कुणाकडे असते! मग तोच रूळ स्प्रिंगसारखा गुंडाळायचा, वेढ्यावर वेढा. हाच हेलिक्स.

माझा एचओ स्केल, म्हणजे खऱ्याच्या १/८७. त्रिज्या ६० सेंमी, त्यामुळे एक वेढा ३७७ सेंमीचा. एका वेढ्यात १० सेंमी वर जावंच लागतं, कारण खालून जाणाऱ्या गाडीचं टप वरच्या प्लायला घासायला नको, शिवाय प्लायची जाडी आहेच. भागाकार केला तर जवळजवळ ३७ ला १ चढ, म्हणजे ३७ सेंमी पुढे गेलं की १ सेंमी वर. आपल्या बोरघाटाचा चढ किती? ३७ ला १! ठरवून नाही केलं हां, पण जाम भारी वाटलं.

तरी घाटातल्या इंजिनापेक्षा माझ्या इंजिनाचे हाल जास्त, आणि त्याला चढ नाही तर वळण जबाबदार आहे. एका ॲक्सलवरची दोन्ही चाकं एकत्रच फिरतात, पण हेलिक्सच्या एका वेढ्यात बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा १० सेंमी जास्त लांब असतो, मग कुठलं तरी चाक घसरणार, कड रुळाला घासणार, असं प्रत्येक डब्याखाली चालू. खऱ्या रेल्वेत चाकं थोडी उतरती असतात म्हणून निभतं, पण माझी त्रिज्या खऱ्या मापात ६० सेंमी गुणिले ८७ म्हणजे ५२ मीटर, आणि ब्रॉडगेजला १७५ मीटरपेक्षा लहान त्रिज्या चालत नाही. हौशी लोकांचा ठोकताळा असा, ३२ ला इंचातल्या त्रिज्येने भागा, तेवढे टक्के चढ वाढला समजा. माझी ६० सेंमी म्हणजे साधारण २४ इंच, त्याला १.३ टक्के. माझे मूळचे २.६५ होते, ते झाले ४, म्हणजे २५ ला १.

टेस्टिंगला सपाटीवर १२ डबे आरामात ओढणारं इंजिन दुसऱ्या वेढ्यात जागच्या जागी चाकं फिरवत बसलं. ८ डबे लावले तर चढलं, पण तिसऱ्या वेढ्यात इंजिनामागचा रिकामा वॅगन आतल्या बाजूला आडवा. मागून वजन खेचतंय, पुढून इंजिन ओढतंय, दोरी ताणली की ती सरळच व्हायला बघते, मधला हलका डबा बिचारा आत फेकला जातो. हलके डबे शेपटीला नेले, प्रश्न मिटला. मग मागे दुसरं इंजिन लावून बघितलं, कर्जतला घाट चढायला मागून ढकलणारं इंजिन, म्हणजे बँकर, लावतात तसं, तर ते पुढच्यापेक्षा जरासं फास्ट होतं आणि एक डबा बाहेर उडाला! दोघांचा स्पीड जुळवण्यात अख्खा रविवार गेला.

रुळाखालचा प्लाय आठ थ्रेडेड रॉडवर, म्हणजे आटे पाडलेल्या उभ्या सळ्यांवर, टेकलाय, ८ मिमीच्या. त्यांचा आटा १.२५ मिमीचा, म्हणजे नटाचे बरोब्बर दहा फेरे फिरवले की पुढच्या रॉडची उंची मिळते, पट्टी लागतच नाही. पण एक फेरा जरी चुकला तरी तेवढ्या भागात चढ पाव टक्क्याने बदलतो आणि इंजिनाचा आवाज लगेच जड होतो. पावसाळ्यात प्लाय फुगला की परत पाना घेऊन खाली घुसायचं. आत्ता तिसऱ्या वेढ्याचा सहावा नट अर्धा फेरा मागतोय.