कॉलेजातून एनएफएलमध्ये: वाइड रिसीव्हरसाठी ड्राफ्टची पात्रता, अर्ज आणि कागदपत्रे

अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकने फेकलेला चेंडू धावता धावता झेलायचा, हे वाइड रिसीव्हरचं मुख्य काम. कॉलेजातून एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये जायचा त्याचा नेहमीचा रस्ता म्हणजे एप्रिलअखेरचा ड्राफ्ट. तिथे ३२ संघ सात फेऱ्यांत खेळाडू निवडतात. कोणता संघ मिळेल हे खेळाडूच्या हातात नसतं. कॉलेज कधी सोडायचं, एवढंच तो ठरवू शकतो.

पात्रता

हायस्कूल संपून किमान तीन वर्षं झालेली हवीत. कॉलेजात खेळण्याची मुदत पूर्ण झाली असेल तर खेळाडू आपोआप पात्र ठरतो, अर्ज लागत नाही. मुदत शिल्लक असताना जायचं असेल तर लीगकडे विशेष पात्रतेचा लेखी अर्ज करावा लागतो. पदवी पूर्ण झाली पण मुदत उरली आहे, अशांनीही लीगला तसं कळवायचं असतं.

तीन वर्षांच्या अटीला ओहायो स्टेट विद्यापीठाचा खेळाडू मॉरिस क्लॅरेटने कोर्टात आव्हान दिलं आणि २००४ च्या फेब्रुवारीत तो जिंकलाही. त्या निकालाच्या भरवशावर सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचा वाइड रिसीव्हर माइक विल्यम्सने एजंट नेमला आणि ड्राफ्टसाठी नाव दिलं. पुढे अपील कोर्टाने निकाल फिरवला. ड्राफ्टचं दार बंद झालं आणि कॉलेज क्रीडा संस्था एनसीएएनेही विल्यम्सला परत घेतलं नाही. अख्खा मोसम घरी बसून २००५ मध्ये तो दहाव्या क्रमांकावर डेट्रॉइटकडे गेला.

अर्ज करण्याआधी

लीगच्या सल्लागार समितीकडून आधी अंदाज मागवता येतो. उत्तर तीनच प्रकारचं असतं: पहिली फेरी, दुसरी फेरी, किंवा कॉलेजातच राहा. ते कुणावर बंधनकारक नाही, पण तिसरं उत्तर आलं तर माझ्या मते थांबावं.

अर्जाची मुदत साधारण जानेवारीच्या मध्याला संपते. त्यानंतर ७२ तासांत लेखी कळवून कॉलेजात परतता येतं, पण एजंटशी करार झालेला नसेल तरच. तोंडी ठरलं असेल तरी तो करारच धरला जातो. जाहिरातींच्या कमाईसाठी प्रतिनिधी नेमायला २०२१ पासून मोकळीक आहे. व्यावसायिक खेळाच्या करारासाठी नाही. बहुतेकांची गल्लत इथेच होते.

कागदपत्रे

स्वतःच्या सहीचा अर्ज, त्यात कॉलेजची उरलेली मुदत सोडत असल्याचं स्पष्ट लिहिलेलं. एजंट खेळाडू संघटनेकडे नोंदलेला हवा, आणि करार संघटनेच्या ठरलेल्या नमुन्यावर. त्याचं कमिशन जास्तीत जास्त ३ टक्के. नवख्या खेळाडूचा पगार निवडीच्या क्रमांकावरूनच बराचसा ठरत असल्याने एजंटला घासाघीस करायला फार जागा नसते. म्हणून टक्केवारी कमी करून मागायला संकोच नको.

चाचणी

इंडियानापोलिसच्या कम्बाइनला, म्हणजे सगळ्या संघांसमोर होणाऱ्या लीगच्या चाचणीला, अर्ज करता येत नाही, बोलावणं येतं. ते आलं नाही तर स्वतःच्या कॉलेजचा ‘प्रो डे’, म्हणजे कॉलेजातच संघांसमोर होणारी चाचणी, असते. सगळ्यांचं लक्ष ४० यार्डांच्या धावेकडे असतं. २०२४ मध्ये टेक्सस विद्यापीठाच्या झेवियर वर्दीने ती ४.२१ सेकंदांत पूर्ण करून विक्रम केला आणि पहिल्या फेरीत कॅन्सस सिटीने त्याला उचललं. पण २०२३ मध्ये पुका नकुआ पाचव्या फेरीत, १७७ व्या क्रमांकावर गेला आणि पहिल्याच मोसमात झेल घेऊन १,४८६ यार्ड मिळवण्याचा नवोदितांचा विक्रम त्याने केला. घड्याळावर फार विसंबू नये ते यासाठी. संघांच्या दृष्टीने कम्बाइनमधली वैद्यकीय तपासणी जास्त मोलाची, त्यामुळे जुन्या दुखापती आणि शस्त्रक्रियांचे अहवाल नीट लावून ठेवावेत.

निवड झाल्यावर, किंवा न झाल्यावर

निवडलेल्याला चार वर्षांचा करार मिळतो. पहिल्या फेरीतल्याला पाचव्या वर्षासाठी ठेवून घ्यायचा हक्क संघाकडे असतो. नाव पुकारलं गेलं नाही तर ड्राफ्ट संपताच कोणत्याही संघाशी बोलता येतं. ॲडम थीलन २०१३ मध्ये असाच, मिनेसोटाच्या शिबिरात चाचणी देऊन आत शिरला. मोसमाआधी ५३ जणांच्या संघातून वगळलं गेलं आणि दुसऱ्या कुणी उचललं नाही, तर सराव पथकात जागा मिळू शकते.