वायरलेस स्विचमधलं रेडिओ मॅनेजमेंट आलं कुठून?

मोठ्या ऑफिसच्या वायरलेस कंट्रोलरमध्ये, म्हणजे ऑफिसभरचं वाय-फाय एका जागेवरून चालवणाऱ्या मशीनमध्ये (आधी याला वायरलेस स्विच म्हणायचे), लॉगिन केलं की ऑटो चॅनल, ऑटो पॉवर, बँड स्टीअरिंग, एअरटाइम फेअरनेस अशा सेटिंगांची रांगच असते, आणि बहुतेक जण सगळं डिफॉल्टला ठेवून पुढे जातात. पण यातलं एकेक सेटिंग कुठल्या ना कुठल्या जुन्या वैतागातून आलंय.

मूळ भानगड १९८५ ची. अमेरिकेच्या एफसीसीने, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामकाने, २.४ गिगाहर्ट्झसारखे बँड, जिथे मायक्रोवेव्ह ओव्हनही गोंगाट करतात, ते स्प्रेड स्पेक्ट्रम (सिग्नल रुंद पट्ट्यात पसरवणाऱ्या) रेडिओंना विनालायसन्स खुले केले. फुकट जागा म्हटल्यावर गर्दी होणारच. त्यात तिकडे चॅनल दिसायला ११, पण दोन चॅनलमधलं अंतर ५ मेगाहर्ट्झ आणि सिग्नलची रुंदी २२, म्हणजे एकमेकांवर न चढणारे तीनच, १, ६ आणि ११. १९९९ ला ८०२.११बी हे वाय-फायचं स्टँडर्ड आलं, धडाधड एपी (अ‍ॅक्सेस पॉइंट, छताला लावायचे वाय-फायचे डबे) लागायला लागले आणि प्रत्येक एपी आपापल्या डोक्याने चालणारा, त्यामुळे नेटवर्कवाला लॅपटॉप घेऊन मजलाभर फिरणार, सिग्नल नकाशावर मांडणार, मग एकेका एपीत शिरून चॅनल हाताने टाकणार, आणि महिन्याभरात शेजारच्या ऑफिसने स्वतःचा एपी लावला की सगळं मुसळ केरात.

२००२ मध्ये सिम्बॉल टेक्नॉलॉजीजने, म्हणजे बारकोड स्कॅनरवाल्यांनी, वायरलेस स्विच आणला. एपीचं डोकं काढून स्विचमध्ये ठेवलं आणि छताला नुसता रेडिओ, त्याला ते अ‍ॅक्सेस पोर्ट म्हणायचे. त्याच सुमारास एअरस्पेस, अरुबा, ट्रॅपीझ, मेरू अशा कंपन्या निघाल्या. सगळे रेडिओ एकाच स्विचला दिसायला लागले हा यातला खरा फायदा, कारण आता चॅनल वाटायचं काम स्विचच करू शकत होता. एअरस्पेस २००५ ला सिस्कोने ४५ कोटी डॉलरला घेतली आणि त्यांचं आरआरएम (रेडिओ रिसोर्स मॅनेजमेंट) सिस्कोच्या कंट्रोलरमध्ये आलं. त्यात प्रत्येक एपी फुल पॉवरवर शेजाऱ्यांना हाक मारतो, कोणाची हाक किती जोरात ऐकू आली ते कंट्रोलर गोळा करतो, आणि तिसऱ्या नंबरचा शेजारीसुद्धा -७० डीबीएमपेक्षा (डीबीएम हे सिग्नलच्या जोराचं माप) जोरात ऐकत असेल तर त्या एपीची पॉवर उतरवतो. चॅनलचा हिशोब डिफॉल्टला दर १० मिनिटांनी. मेरूने उलटच केलं, सगळे एपी एकाच चॅनलवर ठेवले आणि कोणी कधी बोलायचं ते कंट्रोलरकडे दिलं. आयडिया डोकेबाज होती, पण बाजार दुसरीकडे गेला.

बँडविड्थचं प्रकरण मात्र सगळ्यात उशिरा कळलं असं माझं मत. सुरुवातीच्या स्विचांमध्ये वायर्ड नेटवर्कचीच पद्धत उचलली होती, या डब्ल्यूलॅनला (वायरलेस नेटवर्कला) इतका वाटा, त्याला तितका, किंवा सरळ राउंड रॉबिन, म्हणजे पाळीपाळीने एकेकाचा नंबर. पण हवेत वाटायची वस्तू वेळ आहे, एमबीपीएस नव्हे. २००३ ला फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या संशोधकांनी हे नीट मांडलं. १५०० बाइटचं पॅकेट ११ एमबीपीएसवर साधारण १.१ मिलिसेकंदात जातं आणि लांब बसलेल्या १ एमबीपीएसवाल्याला तेवढ्यालाच १२ लागतात. नंबर दोघांचा सारखाच येतो, पण तिकीट खिडकीवर एकजण चिल्लर मोजत बसला की मागचे सगळे खोळंबतात तसं होतं, आणि शेवटी दोघांच्याही हाती १ एमबीपीएससुद्धा पडत नाही. एअरटाइम फेअरनेस यातूनच आलं, म्हणजे पॅकेट मोजण्याऐवजी हवेतला वेळ मोजायचा. व्हॉइसला आधी सोडायची सोय, डब्ल्यूएमएम, २००४ ची.

हवेवर नजर ठेवायचं, चोरटे एपी पकडायचं बरंच काम आपल्या पुण्यात झालंय. एअरटाइट नेटवर्क्सचं इंजिनीअरिंग तिथेच होतं, पुढे तिचं नाव मोजो झालं आणि २०१८ ला अरिस्टाने ती घेतली.

बँड स्टीअरिंग म्हणजे ५ गिगाहर्ट्झ जमणाऱ्या फोनला तिकडे ढकलायचं. पण ढकलायला तिकडे जागा पाहिजे ना! भारतात २.४ चा बँड २००५ ला मोकळा झाला, पण ५ मधला ५४७० ते ५७२५ मेगाहर्ट्झचा मोठा पट्टा ऑक्टोबर २०१८ पर्यंत बंदच होता. त्यामुळे जुन्या कंट्रोलरवर कंट्री कोड इंडिया टाकून या पट्ट्यातले चॅनल १०० ते १४० दिसत नसतील तर आधी फर्मवेअर किती जुनं आहे ते बघा, कोड अमेरिकेचा टाकून मोकळे होऊ नका.