आज्जीचा फोन, कार्टूनचा फोन

सांगलीत विश्रामबागला माझ्या बहिणीचं घर आहे. तिथली दुपार ठरलेली. दीड वर्षाची धाकटी भिंतीला टेकून बसते, पुढ्यात पाण्याच्या तांब्याला टेकवून मोबाईल उभा केलेला. त्यात हत्ती नाचतात, बस गाणं म्हणते. बहीण वरणभाताचा घास पुढं करते, पोरगी घासाकडं न बघताच तोंड उघडते. घास गालात तसाच राहतो. "गिळ की गं बाई," असं तीनदा म्हटलं की एकदा गिळते.

संध्याकाळी त्याच मोबाईलवर तासगावहून आज्जीचा व्हिडिओ कॉल येतो. "दात किती आले, बघू?" पोरगी मोठ्ठं तोंड वासते. आज्जी चेहऱ्यावर पदर ओढते, "आज्जी कुठाय?" पोरगी फोनच्या मागं वाकून शोधते. पदर बाजूला झाला की खदखदून हसते आणि स्वतःच्या फ्रॉकनं तोंड झाकून घेते. आता आज्जीनं तिला शोधायचं.

फोन तोच, पडदा तोच. मग दुपारची पोरगी आणि संध्याकाळची पोरगी इतकी वेगळी कशी? कार्टूनचा मुलांवर काय परिणाम होतो, याचं बरंचसं उत्तर मला या फरकात दिसतं.

कार्टून म्हटलं की आपल्याला पहिली काळजी वाटते ती मारामारीची. ती खोटी नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांच्या १९६३ सालच्या प्रयोगात बालवाडीच्या वयाच्या मुलांनी हवा भरलेल्या बाहुलीला बडवणारी माणसं पाहिली. काहींनी समक्ष, काहींनी फिल्मवर, तर काहींनी मांजराचा वेश केलेलं कार्टूनसारखं पात्र. नंतर खेळताना तिन्ही गटांतल्या मुलांनी, काहीच न पाहिलेल्या मुलांपेक्षा जास्त बडवाबडवी केली. पण पोरगं उशीला गुद्दे घालायला लागलं की ते आईबापाच्या लगेच ध्यानात येतं. जे असं डोळ्यांना दिसत नाही, त्याची मला जास्त काळजी वाटते.

अमेरिकेत सिएटल इथं पॅट्रिशिया कूल या शास्त्रज्ञ बाळं भाषा कशी शिकतात याचा अभ्यास करतात. त्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग प्रत्येक आईबापाला ठाऊक असावा असा आहे. घरी फक्त इंग्रजी ऐकणारी नऊ महिन्यांची बाळं त्यांनी घेतली. काही बाळांशी चिनी बोलणारी माणसं समोर बसून खेळली, त्यांनी पुस्तकं वाचली. प्रत्येकी १२ बैठका, एकेक २५ मिनिटांची. दुसऱ्या बाळांना तीच माणसं, तेच बोलणं टीव्हीवर दाखवलं. समोरासमोर बसलेली बाळं चिनी भाषेतले बारीक आवाज तैवानमधल्या बाळांइतकेच नीट ओळखायला लागली. टीव्हीवाली बाळं मात्र चिनी अजिबात न ऐकलेल्या बाळांच्या पुढं तसूभरही सरकली नाहीत.

हे फक्त भाषेपुरतं नाही. १९९८ सालच्या एका प्रयोगात दोन वर्षांच्या मुलांना शेजारच्या खोलीत खेळणं लपवताना दाखवलं. खिडकीतून पाहिलेली मुलं आत जाऊन खेळणं बरोबर काढायची. तेच टीव्हीवर पाहिलेली बहुतेक मुलं चुकायची. अडीच वर्षांच्या मुलांना मात्र टीव्हीवर बघूनही ते जमलं. म्हणजे पडद्यावरचं जग आणि आपल्या खोलीतलं जग यांचा धागा जोडणं ही लहान मुलाच्या मेंदूला मोठी कसरत असते, आणि ती जमायला वय लागतं.

बहिणीचा थोरला साडेचार वर्षांचा आहे. घरात कुणी हिंदी बोलत नाही, तरी हा "मावशी, बचाओ!" म्हणत गॅलरीतून धावत येतो. पेरू हवा असला तर "मुझे भी दो ना". जपानी कार्टूनच्या हिंदी डबिंगची ही करामत. त्याच्याकडं बघून बहिणीला वाटतं, धाकटीही अशीच बोलायला शिकेल. पण थोरल्याकडं मराठीचा भक्कम पाया आधीच होता, आणि तो आज्जीच्या मांडीवर बसून, माणसांशी बोलून तयार झाला होता. त्या पायावर त्यानं हिंदीचा मजला चढवला. धाकटीचा पायाच अजून भरायचा आहे.

मग आज्जीही पडद्यावरच असते, तिचं कसं चालतं? हाच प्रश्न २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तपासला गेला. दोन ते अडीच वर्षांच्या मुलांना नवी क्रियापदं शिकवली. काहींना समोर बसून, काहींना व्हिडिओ कॉलवर, काहींना आधी रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओतून. समक्ष आणि कॉलवर शिकलेल्या मुलांना शब्द कळले, रेकॉर्ड केलेल्यातून नाही. पोरगी हसली की आज्जी हसते, पोरगी गप्प झाली की आज्जी विचारते, "काय झालं गं?" कार्टूनमधला हत्तीही "तुम्हाला काय वाटतं?" असं विचारतो खरा, पण पोरगीनं काहीही सांगितलं, न सांगितलं, तरी तो पुढचं वाक्य म्हणून मोकळा होतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१६ साली दीड वर्षाच्या आतल्या मुलांना पडदा दाखवू नका असं सांगताना व्हिडिओ कॉलला सूट दिली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि तोही जितका कमी तितका चांगला.

थोरल्याच्या वयाला काळजी वेगळी आहे, ती वेगाची. चार वर्षांच्या ६० मुलांवरचा एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. काहींनी ९ मिनिटं भरधाव कार्टून पाहिलं, त्यात सरासरी दर ११ सेकंदांनी दृश्य बदलायचं. काहींनी संथ कार्टून पाहिलं, काहींनी चित्रं काढली. लगेच नंतर, आत्ता थोडा खाऊ की थांबून जास्त, अशा कामांत भरधाव कार्टूनवाली मुलं मागं पडली. नजरेसमोर काही अचानक हललं की तिकडं वळायचं, ही मेंदूची उपजत खोड आहे. दर काही सेकंदांनी तिला डिवचलं की मन आवरून धरायला ताकद उरत नाही, असा एक अंदाज. त्याच संशोधकांना पुढं असंही दिसलं की वेगापेक्षा अशक्य, चमत्कारिक घटनांचा भडिमार मेंदूला जास्त दमवतो. हे मोजमाप कार्टून संपल्या संपल्याचं आहे, त्यावरून पोरगं कायमचं बिघडलं असं कुणी समजू नये. पण अभ्यासाला बसवण्याआधी अर्धा तास असलं काही लावू नये, एवढं मी बहिणीला ठामपणे सांगितलंय.

एकच भाग मुलं पुन्हा पुन्हा लावायला लावतात, त्याचा मात्र वैताग करू नये. १९९९ सालच्या एका अभ्यासात मुलांना पाच दिवस रोज एकच भाग दाखवला, तर त्यांची समज वाढली आणि ती पडद्याला मोठ्यानं उत्तरंही द्यायला लागली. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी पहिलं मराठी नाटक केलं ते आमच्या सांगलीत, त्यामुळं 'वन्स मोअर'चं वेड आम्हाला कुणी समजावून सांगायला नको. फरक इतकाच की वन्स मोअर मिळाला की गाणारा नट समोरच्या माणसांकडं बघून गाण्यातली तीच जागा वेगळी घ्यायचा. मोबाईल तेच जसंच्या तसं परत लावतो.

ती जागा शेजारी बसलेल्या माणसानं घ्यायची असते. तीन वर्षांच्या मुलांच्या आईबापांना, गोष्टीचा व्हिडिओ मध्येच थांबवून प्रश्न विचारायला शिकवलं, तर महिनाभरात मुलांना गोष्ट जास्त कळली, शब्दही जास्त आले. हा अभ्यास वाचून मागच्या महिन्यात मी थोरल्याबरोबर बसले. पहिल्या दिवशी व्हिडिओ थांबवल्यावर त्यानं हंबरडा फोडला. दुसऱ्या दिवशी "ह्यानं छत्री का लपवली रे?" विचारलं, तर खांदे उडवले. चौथ्या दिवशी मी स्वयंपाकघरात चपात्या लाटत होते. बाहेर कार्टूनचा आवाज एकदम बंद झाला. मला वाटलं, चार्जिंग संपलं. तर हा मोबाईल घेऊन ओट्यापाशी आला, पडद्यावरच्या चित्रावर बोट ठेवून म्हणाला, "मावशी, सांग, आता हा कुठं जाणार?"