छापील महाराष्ट्र : वेक्टर नकाशातील रेघांचे गणित

महाराष्ट्रातील शहरे आणि रस्ते दाखवणारा, छापण्याजोगा वेक्टर नकाशा पीडीएफ किंवा एसव्हीजी स्वरूपात हाती आला, की पुण्यातला कोणीही वाचक तो पडद्यावर मोठा करत आधी पुण्यापर्यंत पोहोचतो. कितीही मोठा केला तरी रेघा फाटत नाहीत, अक्षरांच्या कडा धारदार राहतात. त्यामुळे हा नकाशा हव्या त्या आकारात छापला तरी तेवढाच विश्वासार्ह राहील, असा समज होतो. रेघेची स्पष्टता आणि रेघेची अचूकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मात्र त्या धारदारपणामुळे सहज नजरेआड होते.

छायाचित्रासारखे रास्टर चित्र पिक्सेलचे बनलेले असते. ए-० आकाराच्या कागदावर (८४१ × ११८९ मिलिमीटर) इंचाला ३०० पिक्सेल या हिशेबाने छापायचे, तर सुमारे १४ कोटी पिक्सेल लागतात, आणि त्याहून मोठे छापले की ते पिक्सेल डोळ्यांना दिसू लागतात. वेक्टर फाइलमध्ये पिक्सेल नसतात. तिच्यात बिंदूंचे निर्देशांक, ते जोडणाऱ्या रेषा आणि त्या रेषांची जाडी व रंग एवढेच नोंदलेले असते. वळणांसाठी बहुधा बेझिए वक्र, म्हणजे मोजक्या बिंदूंवरून गणिताने ठरणारे वक्र, वापरले जातात. पिएर बेझिए यांनी रेनो या मोटार कंपनीत १९६० च्या दशकात हे वक्र गाडीच्या पत्र्याचे आकार रेखाटण्यासाठी प्रचारात आणले. छपाई यंत्र प्रत्येक वेळी हे गणित नव्याने सोडवून रेघ काढते, म्हणून ती कोणत्याही आकारात गुळगुळीत येते.

आता प्रमाणाचा विचार करू. १:१०,००,००० या प्रमाणात कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. पूर्व-पश्चिम आठशे किलोमीटरांहून अधिक पसरलेले राज्य या प्रमाणात ए-० कागदावर आडवे बसते, पण हिंजवडीपासून वाघोलीपर्यंतचे अवघे पुणे जेमतेम अडीच सेंटिमीटरांत येते. महामार्गाची रेघ अर्धा मिलिमीटर जाड काढली, तर ती जमिनीवरची ५०० मीटर रुंदी व्यापते. प्रत्यक्षातला महामार्ग त्याच्या दहाव्या हिश्शाइतकाही रुंद नसतो. बोरघाटात द्रुतगती मार्ग, जुना मुंबई-पुणे रस्ता आणि लोहमार्ग इतके जवळून जातात, की तिन्ही खऱ्या जागी काढले तर एकमेकांवर चढून एकच पट्टा दिसेल. म्हणून नकाशाकार त्यांना मुद्दाम थोडे बाजूला सरकवतो. वाचकाला तीन मार्ग वेगळे दिसावेत यासाठी केलेला हा बदल योग्यच आहे, मात्र त्या रेघेवरून घाटातले अंतर मोजायला जाणे योग्य नाही.

वळणांचेही तसेच असते. मूळ नोंदीत एका घाटरस्त्याचे शेकडो बिंदू असतात आणि छोट्या प्रमाणात ते सगळे ठेवले तर रेघ नुसती थरथरलेली दिसते. ते कमी करण्याची प्रचलित रीत डग्लस आणि पॉयकर यांनी १९७३ मध्ये मांडली. रस्त्याची दोन टोके सरळ रेषेने जोडायची आणि तिच्यापासून सर्वांत दूरचा बिंदू शोधायचा. तो ठरवलेल्या मर्यादेबाहेर असेल तर राखून दोन्ही भागांवर हीच कृती पुन्हा करायची, मर्यादेच्या आत असेल तर मधले सगळे बिंदू गाळायचे. मर्यादा कागदावरच्या ०.२ मिलिमीटरची धरली, तर वरील प्रमाणात ती जमिनीवर २०० मीटर होते आणि घाटातली आखूड वळणे नाहीशी होतात. हीच फाइल वीस पट वाढवून १:५०,००० प्रमाणात छापली, की ०.२ मिलिमीटरची चूक चार मिलिमीटर होते, पण रेघ आधीइतकीच ठाम दिसते. तेवढा तपशील हवा असेल तर त्याच प्रमाणासाठी तयार झालेला नकाशा घ्यावा; भारतीय सर्वेक्षण विभागाच्या खुल्या मालिकेतील नकाशे १:५०,००० प्रमाणाचेच आहेत.

मराठी नावे लिहिताना एक खास अडचण येते आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही, असे मला वाटते. रोमन लिपीत डोंगररांगेचे नाव लांबवर पसरवण्यासाठी अक्षरांमध्ये अंतर सोडतात. देवनागरीत तसे केले की शिरोरेषा तुटते आणि ‘सह्याद्री’ हे नाव सुट्या तुकड्यांसारखे दिसते. नदीच्या वळणावर नाव वाकवले, की शिरोरेषेला कोन पडतात. त्यातच संगणकप्रणालीला जोडाक्षरे नीट जुळवता आली नाहीत, तर छापून आलेले नाव वाचताच येत नाही. यावर उपाय म्हणून अक्षरांचे बाह्याकारांत, म्हणजे त्यांच्या कडांच्या नुसत्या रेघांत, रूपांतर करतात. त्यामुळे छपाई बिनचूक होते, मात्र मग ते नाव मजकूर म्हणून शोधता किंवा बदलता येत नाही. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले, तेव्हा ज्यांच्याकडे नावे मजकुराच्या रूपात होती त्यांना नोंद बदलून केवळ लांब नावाला जागा शोधावी लागली. म्हणून मूळ फाइल जपून ठेवावी आणि बाह्याकार फक्त छापखान्याला द्यायच्या प्रतीत करावेत.

छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय निवडला, तर प्रमाण नकळत बदलते. ए-० साठीचा नकाशा ए-१ वर घेतला की प्रत्येक लांबी १.४१ ने भागली जाते. १:१०,००,००० असे छापलेले असूनही प्रत्यक्ष प्रमाण सुमारे १:१४,१४,००० होते. रेखाप्रमाण, म्हणजे किलोमीटर दाखवणारी मोजपट्टी, नकाशाबरोबरच आकुंचन पावत असल्याने खरेच राहते; ते नकाशावर असायलाच हवे. रेघांची जाडी आणि अक्षरांचा आकारही त्याच पटीत घटतो. ६ पॉइंटचे अक्षर सव्वाचार पॉइंटचे होते, आणि एवढ्या लहान आकारात ‘चिंचवड’मधला अनुस्वार वेलांटीला चिकटतो. ए-१ हवा असेल तर कमी गावे आणि मोठी अक्षरे घेऊन त्याची मांडणी वेगळी करावी लागते.