रियाज आणि मंत्रचळ

एकच गोष्ट पुन्हापुन्हा करणाऱ्याला आपण पटकन ‘मंत्रचळ लागलाय’ म्हणून मोकळे होतो. सकाळी तासभर एकच पलटा, म्हणजे सुरांची ठरावीक फिरत, घोटणाऱ्या मुलीलाही घरात हे ऐकावं लागतं. पण रियाज वेगळा आणि मंत्रचळ, म्हणजे डॉक्टर ज्याला ओसीडी म्हणतात तो आजार, वेगळा.

तंबोरा जुळवताना बघा. पंचमाची तार, षड्जाच्या दोन तारांची जोडी, खालच्या षड्जाचा खर्ज, एकेक जुळवायचं. घोडीवर तारेखालचा जवारीचा दोरा केसभर सरकवायचा, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा सरकवायचा. बघणाऱ्याचा जीव कंटाळतो. पण दोरा जागेवर आला की तार गुंजते, खर्जातून स्वयंभू गंधार, म्हणजे न छेडता आपोआप उमटणारा गंधार, ऐकू येतो आणि हात आपसूक थांबतो. पलट्याचंही तेच. काल मध्यमावर सूर हलत होता, आज ठरतोय का, हे कान तपासत असतो. चूक झाली तर ती कुठे झाली ते समजतं, आणि गळा पुढे सरकतो.

मंत्रचळात हात थांबत नाही. गॅस बंद आहे हे डोळ्यांना दिसतं, तरी मन विचारतं, ‘पण नक्की?’ भीती दाटते, पुन्हा पाहिलं की घटकाभर बरं वाटतं. मेख आहे ती या घटकाभराच्या सुटकेतच. तपासलं म्हणूनच संकट टळलं, असं मेंदू शिकतो आणि पुढच्या वेळी आणखी तपासायला लावतो. बहुतेकांना यातला फोलपणा कळत असतो. म्हणून ‘सोडून दे ना’ हा सल्ला मला निर्दय वाटतो.

खरा घोळ होतो तो विधींपाशी. गुरूचं नाव घेताना कानाची पाळी धरणं, वाजवण्याआधी तबल्याला नमस्कार करणं, याने मन गोळा होतं. एखाद्या वेळी राहिलं तर चुटपुट लागेल, पण मैफल होईल. तोच नमस्कार ‘ठरलेल्या वेळा झाला नाही तर आईला काहीतरी होईल’ या धाकाने होऊ लागला, तर मात्र डॉक्टरांना दाखवावं. अशा कृतींत रोज तासाहून जास्त वेळ जातो का, काम आणि नाती अडतात का, हे निदान करताना पाहिलं जातं.

उपचार आहेत, आणि पुष्कळांना त्यांचा गुण येतो. एसएसआरआय गटातली, म्हणजे मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काम करणारी, औषधं देतात. शिवाय भीतीला पायरीपायरीने सामोरं जायचं आणि ती कृती मात्र करायची नाही, हे शिकवतात. तेही रोज घोटावं लागतं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून विनामूल्य बोलता येतं. घरच्यांनी ‘हो रे, गॅस बंद आहे’ असं दहादा सांगत राहू नये, त्याने आजाराला खतपाणीच मिळतं. हे सांगणं कसं आणि किती कमी करायचं, ते उपचार करणाऱ्यांसोबत बसून ठरवावं.