विमानांचा आवाज: वाद इंजिनाकडून मार्गांकडे कसा सरकला

जेट विमानं आल्यानंतरची पहिली काही दशकं आवाज कमी करायचा म्हणजे इंजिन शांत करायचं, एवढाच विचार होता. १९७१ साली आवाजाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरली, पुढे ती कडक होत गेली आणि विमानं खरोखरच शांत झाली. २००१ मध्ये जमीनवापर, उड्डाणपद्धती आणि उड्डाणांवरचे निर्बंध यांनाही धोरणात औपचारिक जागा मिळाली.

उड्डाणपद्धतीत आधी सलग उतरणीचा बोलबाला झाला. मध्येच एका उंचीवर रेंगाळायचं नाही, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवावा लागत नाही. उपाय चांगलाच, पण धावपट्टीच्या अगदी जवळ राहणाऱ्यांना त्याचा उपयोग नाही. शेवटचे काही किलोमीटर विमानं तशीही तीन अंशांच्या ठरलेल्या उतारानेच येतात.

खरा तंटा उपग्रह दिशादर्शनाने लावला. रडारवर पाहून नियंत्रक वळवत, तेव्हा विमानं पंख्यासारखी पसरत. आता ती जवळपास एकाच रेषेवरून जातात. अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात सप्टेंबर २०१४ मध्ये असे मार्ग लागू झाले आणि जुन्या वस्त्यांवरून विमानांची रांग लागली. नियामकांच्या मते परिणाम लक्षणीय नव्हता. त्यांचा आधार होता दिवसरात्रीची सरासरी पातळी. तिच्यात रात्रीच्या प्रत्येक उड्डाणाला १० डेसिबल जादा धरतात, पण विमानं दुप्पट झाली तरी आकडा फक्त ३ डेसिबलने वाढतो. झोपमोड सरासरीने होत नाही, एकेका विमानाने होते, हे कोणत्याही रहिवाशाने सांगितलं असतं. विचारलं मात्र फारसं कुणाला नव्हतं. २०१७ मध्ये न्यायालयाने हे मार्ग लागू करण्याचा निर्णय मनमानी ठरवला आणि पुढच्या वर्षी पश्चिमेकडची उड्डाणं साधारण जुन्या वाटांवर परतली.

आवाज थोड्यांच्या माथी मारायचा की सगळ्यांत वाटायचा, हा प्रश्न त्याआधीचा आहे. तिसरी धावपट्टी १९९४ मध्ये सुरू झाल्यावर सिडनीत इतका असंतोष उसळला की १९९७ पासून आवाज वाटून घेण्याची योजना आली. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर दुपारी तीनला उतरण्याची धावपट्टी बदलते, म्हणजे खालच्यांना निदान अर्धा दिवस उसंत.

हल्ली समांतर मार्ग आखून ते आळीपाळीने वापरायचा विचार पुढे येतो. अचूक दिशादर्शनामुळे तो शक्य आहे. पण गर्दीच्या वेळी नियंत्रकांवरचा ताण वाढतो, म्हणून ही सोय बहुधा रात्री आणि पहाटेपुरतीच सुचवली जाते.